पापड वाजला की पाणी

चन्नबसप्पा, म्हणजे आप्पा, हे कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारं माणूस. लातुरात बसस्थानकामागच्या गल्लीत एका खोलीत ते राहत, आणि त्यांच्याबरोबर राहायची एक पानवेल. खोलीतला न्हाणीकडचा चांगला अर्धा भाग वेलीनं बळकावलेला. उरल्यासुरल्या जागेत आप्पांची बाज, स्टोव्ह आणि एक ट्रंक.

निलंग्याकडे त्यांचा पानमळा होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला आणि शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली उभ्याच्या उभ्या वाळून गेल्या. आप्पांनी एक हिरवा फाटा कापला, ओल्या धोतरात गुंडाळला आणि बायकोला, गंगम्माला, घेऊन लातूर गाठलं. फाटा माठात लावला. त्याला तेरा वर्षं झाली. वेल राहिली. गंगम्मा मात्र मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली.

पानवेलीला नुसतं पाणी घालून भागत नाही. मुळाशी पाणी साचलं की ती कुजते, आणि कोरडं वारं लागलं की पानांच्या कडा जळतात. तिला हवाच ओली लागते. आता लातूरच्या उन्हाळ्यात ओली हवा आणायची कुठून? पण आप्पा इरेला पेटले होते. वेलीच्या तिन्ही बाजूंनी त्यांनी गोणपाट टांगलं, ते दिवसातून तीनदा भिजवायचं. माठाखाली परात, परातीत ओली वाळू. पश्चिमेची खिडकी खिळे ठोकून कायमची बंद. स्वतःची आंघोळही वेलीशेजारीच, तांब्याभर कढत पाण्यानं, म्हणजे वाफ तिला मिळावी. धुतलेलं धोतर वाळत घालायचं तेही तिच्याच डोक्यावर.

आणि हवा पुरेशी ओली आहे का, हे कळायला गोणपाटाच्या आत दोऱ्यानं टांगलेला एक भाजका पापड. ही अक्कल गंगम्माची. पापड मऊ पडला की निवांत बसायचं. टिचकी मारल्यावर कडक वाजला की गोणपाट भिजवायचं. "वेलीचं झालं का?" असं विचारून मगच ती स्वतःच्या तोंडाला पाणी लावायची. ओठ फुटले की तुपाचं बोट फिरवायची आणि कामाला लागायची. आप्पांना त्यात वावगं काही वाटत नसे.

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, गल्लीत बदलीवरच्यांची बिऱ्हाडं आली. नळ मात्र आठवड्यातून एकदा यायचा. आप्पांच्या वाट्याला चार घागरी, त्यातल्या तीन वेलीच्या. गल्ली त्यांना येडं म्हातारं म्हणायची, आणि खरं सांगायचं तर गल्लीचं फारसं चुकत नव्हतं.

त्या चैत्रात डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. लेक मल्लम्मा नांदेडला, तिथं दहा दिवस राहावं लागणार. वेल सोपवायची कुणावर? तेव्हा आप्पांना कळलं, की एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या गावात आपल्या ओळखीचं एक दार नाही. समोर वहिदा राहायची. तिचा नवरा ताहेर कचेरीत शिपाई, उस्मानाबादहून बदलून आलेला. तिच्याशी "नळ आला का?" यापलीकडे आप्पांचं बोलणं कधी गेलं नव्हतं. शेवटी तिलाच बोलावलं.

"चप्पल भायेर काढ माय," आप्पा म्हणाले. मळ्यात पायताण घालून कुणी शिरत नसे. आप्पा खोलीतही तेच पाळायचे. "हे बघ. पापड वाजला की पोतं भिजवायचं. मुळाला पाणी आठवड्यातून एकदाच, ते बी वाटीभर. ध्येनात ऱ्हाईल?"

"हाव आप्पा. तुमी निवांत जावा."

दहा दिवसांनी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आप्पा परतले. पायताण बाहेर काढलं, गोणपाट बाजूला केलं, आणि पान दिसायच्या आधी कुजका वास आला. बुंधा मातीलगत काळा पडला होता, बोट लावलं तर गिळगिळीत. वर चार पिवळी पानं लोंबत होती.

तेवढ्यात वहिदा आली. ती दारातच चप्पल काढत होती.

"आप्पा, पापड लई वाजून राहिला होता. पर ह्या दिवसांत पोत्यावर पाणी वताया मन झालं न्हाई बघा. पाप वाटलं. मंग समदं पाणी मुळालाच दिलं, रोज. तुमचं सरलं तवा आमच्या हंड्यातलं दिलं. ह्यांनी दोन दिस आंघूळ केली न्हाई, पर वेलीला कमी पडू दिलं न्हाई."

आप्पांच्या ओठांवर शिवी आली होती. ती त्यांनी गिळली.

"पानं पिवळी दिसून राहिलीत," ती म्हणाली. "अजून पाणी पायजे का?"

"न्हाई माय. नवी पानं यायच्या आदी असंच हुतं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी गोणपाट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी एक तांब्या पाणी आणून द्यायला लागली, वेलीसाठी. देताना विचारायची, "डोळा कसा हाय आप्पा?" वर्षभरात आप्पांना असं कुणी काही विचारलं नव्हतं. वेल मेली म्हटलं तर उद्या ही कशाला येईल? ही भीती वाटली आणि आप्पा खोटं बोलत राहिले. वेल उपटून टाकली तरी ते वहिदाचं पाणी गोणपाटावरच ओतायचे. दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी प्यायचं कसं?

एकदा तर ते पानाच्या ठेल्यावर गेले. जन्मात पान विकत घेतलं नव्हतं, ते मान खाली घालून घेतलं आणि वहिदाच्या हातावर ठेवलं. "वेलीचं हाय. पहिलं पान."

तिनं ते उलटंपालटं केलं. "आप्पा, माझी सासू पान खायची. हे बाजारचं हाय. वेल बघू द्या मला."

तिनंच गोणपाट सरकवलं. आत रिकामा माठ, शेवरीची वाळकी काठी आणि दोऱ्याला लोंबणारा पापड, अगदी मऊ पडलेला.

"माझ्यानं मेली," ती म्हणाली.

"न्हाई माय. जुनी झाली हुती."

ती चप्पल पायात सरकवून निघून गेली. संपलं, असं आप्पांनी मनाशी म्हटलं आणि दिवसभर बाजेवर पडून राहिले.

सकाळी दार वाजलं. वहिदा तांब्या घेऊन उभी.

"आता कशाला माय? वेल हाय कुठं?"

"वेलीला न्हाई. तुमाला प्यायला आणलंय. ओठ बघा की कसे फुटलेत."

आप्पांनी उंबऱ्यात उभ्यानंच तांब्या रिकामा केला. ती तो घेऊन गेली. आप्पा आत आले, ओलं गोणपाट धरून उभे राहिले, आणि त्यांना रडू आवरेना. बारा उन्हाळे गंगम्माचे ओठ फुटून रक्त यायचं. तुला प्यायला उरलंय का, असं त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.