अपेक्षा: चार वर्षांची फी

बारावीनंतर मला सावंगीजवळच्या एका कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला. आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी फीचा कागद आला. वडनेरला बाबांचं किराणा दुकान आहे. त्यावर घर चालतं, कॉलेज नाही. सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटनं मला आठवडाभर गरगर फिरवलं आणि शेवटी आम्ही नियमात बसत नाही असं कळवलं. राहिली आमच्या समाजाची शिष्यवृत्ती. ती हुकली की नर्सिंगचं नाव काढायचं नाही, हे घरात ठरलेलंच होतं.

फॉर्म भरायला बाबा एकटेच हिंगणघाटच्या समाज भवनात गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तू कायले येतं? मले लिहिता येते."

आमच्या समाजात कुठलाही फॉर्म गोत्र आणि मामाच्या गावापासूनच सुरू होतो, मग तो शिष्यवृत्तीचा असो की वधू-वर परिचय मेळाव्याचा. त्या दिवशी दोन्हींची टेबलं ओसरीत शेजारी-शेजारी होती. बाबा गर्दी कमी होती तिथे बसले. माझा फोटो आणि गुणपत्रिका जोडून, पावती घेऊन खुशीत घरी आले.

पंधरा दिवसांनी फोन सुरू झाले. पहिल्यानं माझी उंची विचारली. बाबांनी मला चौकटीशी उभं करून, टेप लावून सांगितली. "दवाखान्यातलं शिक्षण आहे, लागत असन उंची," असं आईला समजावलं. दुसऱ्यानं स्वयंपाक येतो का विचारलं, तेव्हा मात्र आईनं कपाळावर हात मारला.

मग मेळाव्याची पुस्तिकाच घरी आली. त्यात माझा फोटो, आणि खाली "अपेक्षा" या रकान्यात छापलेलं: चार वर्षांची फी व होस्टेलचा खर्च. मी दिवसभर बाबांशी बोलले नाही. हसू आलं ते फार नंतर.

त्याच संध्याकाळी रोहण्याहून एका व्यापाऱ्याचा त्याच्या मुलासाठी फोन आला. बाबांनी स्पीकर लावला होता. "तुमची अपेक्षा आम्हाले मंजूर आहे. लग्न आता करून टाकू. पोरीले शिकू द्या, सारा खर्च आमचा."

फी भरायला चार दिवस उरले होते. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मी खरंच घाबरले, कारण हो म्हणणं फार सोपं होतं.

"भाऊ, तुमचा मोठेपणा आहे," बाबा शेवटी म्हणाले. "पण हे मी समाजाले मागतलं होतं. जावयाले नाई."

दुसऱ्या दिवशी पावती आणि पुस्तिका घेऊन आम्ही दोघं भवनात गेलो. समाजाच्या अध्यक्षांनी तो रकाना मोठ्यानं वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. बाबा हसले नाहीत. हात जोडून उभे राहिले. माझ्या बाबांना मी असं कुणापुढे उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, मला ते बघवेना.

अध्यक्षांनी पावतीवरची तारीख पाहिली. "फॉर्म मुदतीत आला आहे. टेबल कोणतं का असेना, भवन तर आपलंच आहे," म्हणत त्यांनी माझं नाव शिष्यवृत्तीच्या यादीत लिहिलं आणि बाबांना गमतीनं विचारलं, "आणखी काही अपेक्षा?"

"आहे ना," बाबा म्हणाले. "त्या पुस्तिकेतून हिचं नाव काढा. चार वर्षं कोणाचा फोन येऊ देऊ नका."