उपाशी नळी

आमच्या आत्याच्या लेखी जगात दोनच पापं होती: शिळे बोंबील घेणं आणि घरात आलेल्याला उपाशी ठेवणं. पहिलं तिच्या हातून कधी घडलं नाही. दुसरं घडू नये म्हणून तिनं माझ्या एम. एस्सी.चा जवळजवळ बळी घेतला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावातून रोज फोर्टात जाऊन सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करत होते. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि मुलींनी दुधावर काम करावं असं आमच्या सरांचं ठाम मत होतं. दूध घरातलं, ओळखीचं, त्यातले जंतूसुद्धा घरंदाज. दुसरी मुलगी निमूट दुधाकडे गेली. मी हटून बसले, कारण मला समुद्र हवा होता. बंदरात आलेल्या एका परदेशी संशोधन जहाजानं सरांना भर समुद्राच्या तळाचा चिखल दिला होता. दोन-अडीच मैल खोलवरचा. तिथं उजेड नाही, पाणी बर्फासारखं गार, आणि वरच्या पाण्याचा भार एवढा की माणसाचा पापड व्हावा. असल्या जागी जंतू जगतात का, आणि जगून खातात तरी काय, याबद्दल तेव्हा फार थोड्यांना फार थोडं ठाऊक होतं.

शेवटी सर कंटाळले. समुद्राचं पाणी उकळून, गाळून, गार करून आम्ही तीन नळ्यांत भरलं आणि प्रत्येकीत चिमूटभर चिखल टाकला.

"गार ठेवा, अंधारात ठेवा," सर म्हणाले. "पाणी गढूळलं तर आत कोणीतरी जिवंत आहे. नाही गढूळलं, तर दिवाळीनंतर मुकाट्यानं दुधावर यायचं."

आठवड्यातच हरताळ पडला. लॅबला टाळं लागणार, फ्रीजच्या विजेचा भरवसा नाही. मी नळ्या थर्मासात घातल्या आणि चालत घरी निघाले. नाक्यावर पोरांनी अडवलं.

"थर्मासात काय आहे, बाई?"

"चिखल."

"काळा?"

"काळाकुट्ट."

"कोणाच्या तोंडाला फासायचाय?"

अजून ठरलं नाही, असं मी सांगितलं. एवढ्यावर त्यांनी अदबीनं वाट दिली, आणि हरताळ असेपर्यंत भुशात लपवलेल्या लादीतला बर्फाचा तुकडा मला रोज बर्फवाल्याच्या मागल्या दारानं मिळत गेला. चळवळीचा मी घेतलेला एवढाच गैरफायदा.

आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली होती. सासरहून तिनं आणलं काय, तर विरजणाची वाटी. ते विरजण तीस वर्षं तिनं एक दिवसही मरू दिलं नव्हतं. थर्मासात काय आहे ते तिला मी समजावून सांगितलं, आणि तिथंच चुकले.

"जिवंत आहेत?" तिनं विचारलं.

"असतील."

"खातात काय?"

"जवळजवळ काही नाही. वरून काही झिरपत आलं तर. वर्षानुवर्षं तसेच पडून राहत असतील."

आत्या काही बोलली नाही. ती गप्प बसली की घरातले सगळे सावध होत. मीच तेवढी झाले नाही.

चौथ्या दिवशी नळ्या बाहेर काढून पाहिल्या, तर दोन नळ्यांतलं पाणी चक्क गढूळ. तिसरीतलं मात्र नितळ, आणि तिच्या गळ्याला देवपूजेच्या वातीचा दोरा बांधलेला. आनंदाच्या भरात त्या दोऱ्याचं मला नवलही वाटलं नाही. वासाची शंका यावी, तर चिखलालाच सडक्या अंड्याचा वास होता.

लॅब उघडली तशी मी धावत गेले. सरांनी नळ्या उजेडात धरल्या आणि त्यांचा चेहरा मी प्रथमच हसरा पाहिला. ते लगेच जहाजावरच्या शास्त्रज्ञांना पत्र लिहायला बसले. मी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात डोकावले. गोल गोल मणी, माळेत ओवल्यासारखे. पहिल्याच वर्षी दह्याच्या प्रॅक्टिकलला आम्ही ते बघून बघून विटलो होतो.

वातीचा तो दोरा मला आत्ता आठवला. पत्र उद्या जायचं होतं.

घरी येऊन विचारलं, तर आत्यानं काहीच लपवलं नाही. मी दुपारी मोर्चाला गेले की ती दोन नळ्या बाहेर काढी, विरजणाच्याच चमच्यानं दुधाचा थेंब घाली, फडक्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवी आणि मी यायच्या आत परत बर्फात लोटून देई.

"गारठली होती गं बिचारी."

"आणि तिसरी?"

"तिला हात नाही लावला. विरजण कधी सगळं एकदम मोडू नये. थोडं बाजूला तसंच ठेवावं. बिघडलं तर कळायला नको? ओळखायला दोरा बांधला."

मी रात्रभर तळमळले. गप्प राहिले असते तर पत्र गेलं असतं, आणि दुधापासून मी कायमची सुटले असते. खोटं सांगायचा मोह झालाच, नाही म्हणत नाही. पण समुद्राच्या तळाशी आत्याचं दही सापडल्याचं विलायतेत छापून येईल, या कल्पनेनं मला हसूही आवरेना आणि भीतीही.

सकाळी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पत्राचे दोन तुकडे केले.

"म्हणजे शेवटी तुम्ही दुधावरच काम केलंत."

मग मी दोऱ्याची नळी पुढे केली आणि आत्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. सरांनी दोरा बोटानं चाचपून पाहिला.

"एक नळी हात न लावता बाजूला ठेवायची, हे दोन वर्षं मी तुम्हाला शिकवतोय," ते म्हणाले. "तुमच्या घरात ते कोणाला तरी कळलेलं दिसतं. ठेवा फ्रीजमध्ये. दिवाळीची अट कायम."

दिवाळी आली, गेली. नळी नितळच. सरांनी विषय काढला नाही आणि मीही दुधाकडे फिरकले नाही. फाल्गुनात एके दिवशी ती उजेडाला धरली, तर आत धुकं होतं, अगदी पुसट. काचेवर पाहिलं. मणी नाहीत, माळा नाहीत; बारीक वाकड्या काड्या, सावकाश हलणाऱ्या. मला रडू आलं. तशीच घरी येऊन मी आत्याला सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढे महिने उपाशी. आता झालं ना तुझं? आता तरी त्यांना काही घाल."

प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी मी त्या नळीत दुधाचा एक थेंब घातला. सरांना सांगितलं नाही.