आधी जेवून घे

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

सांगलीच्या वहिनी, म्हणजे माझ्या मालकीणबाई, वाईट बातमी कधी उपाशीपोटी सांगत नसत. "आधी जेवून घे," म्हणाल्या की समजायचं, काहीतरी बिनसलंय. साहेबांची जपानला बदली झाली, तेव्हा त्यांच्या मुलीला सांभाळायला आणि स्वयंपाकाला त्यांनी मला कुंडलहून नेलं. तेही मला वाढून झाल्यावरच विचारलं. निघताना आईनं त्यांचा हात धरला. "आवं, लय लाजाळू हाय माजी शालन. दिवाळीला तेवढी आणून सोडा."

"सोडते," वहिनी म्हणाल्या.

तिथल्या उन्हाळ्यात दर रविवारी आम्ही कुठंतरी जायचो. मी पहाटे उठून दशम्या करायची. एकदा समुद्रावर गेलो. डबे रिकामे झाल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आता आवरा. वादळ येणार आहे, सकाळीच टीव्हीवर सांगितलं."

साहेब चिडले. "मग सकाळीच बोलायचं नाही का?"

"बोलले असते तर शालनच्या दशम्या कुणी खाल्ल्या असत्या?"

स्टेशनपर्यंत आम्ही चिंब भिजलो. मुलगी खिदळत होती. मीही हसले. तेव्हा मला ती सवय गोडच वाटायची.

नागपंचमी झाली आणि तिथल्या गल्लीत त्यांचा सण आला. मध्ये लाकडी माच, त्यावर ढोल, भोवतीनं बायकांचा फेर. आमच्या पंचमीच्या फेरासारखाच. शेजारच्या जपानी आजीबाईंनी मला आत ओढलं. चार माणसांत मान वर न करणारी मी, त्या दिवशी नाचले. तिथं मला ओळखणारं कोण होतं? वहिनींना आठवा महिना होता. पोटावर हात ठेवून त्या कडेला उभ्या होत्या. एरवी टाळ्या वाजवल्या असत्या. दुपारी त्यांनी मला फार आग्रह करून वाढलं होतं. जेवण झाल्यावर मी वाट पाहिली, पण त्या काहीच बोलल्या नाहीत.

मग सगळे नदीवर गेले. लोक कागदी दिवे पाण्यात सोडत होते. वहिनींनी एक विकत घेतला, त्यावर 'आई' असं लिहिलं आणि माझ्या हातात दिला. "तुझ्या आईच्या नावानं सोड."

आई वैशाखापासून अंथरुणाला होती. आपल्याकडं कृष्णेत दिवा सोडताना मागणं मागतात, तसं मी मागितलं. आई बरी होऊ दे, दिवाळीला तिच्या हातची भाकरी खाऊ दे. आजीबाई माझ्यापुढं कमरेत वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मला वाटलं, तिथली रीत असेल.

पुढं वहिनींना मुलगा झाला. त्याला रोज पायांवर घेऊन मी न्हाऊ घातलं. वहिनींचं अंग चोळलं, शेक दिला. दिवाळीला त्यांनी शब्द पाळला, सगळेच परत आलो.

कुंडलला घरात पाऊल टाकलं तर भिंतीवर आईचा फोटो, त्याला हार. दादानं माझ्याकडं पाठ फिरवली. शेवटी म्हणाला, "पंचमी झाली आन् आई गेली. बूथवरनं फोन केलता की मी. वैनी म्हणल्या, सांगते. तू आली न्हाईस. गाव म्हणलं, परदेशात जाऊन आईला इसरली."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले. माझं तोंड बघूनच वहिनींनी ताट वाढलं.

"आधी जेवून घे, शालन."

"का सांगितलं न्हाई, वैनी?"

त्यांनी ताटात आणखी एक पोळी वाढली. "सांगितलं असतं तर तू गेली असतीस. परक्या मुलखात माझं कुणी केलं असतं?" मग हळूच म्हणाल्या, "दिवा तर सोडायला लावला ना मी तुला? तिथं तो गेलेल्या माणसासाठीच सोडतात."

आणि मी तिला बरं कर म्हणून मागत होते.

त्या घरात मी कधी भरल्या ताटावरून उठले नव्हते. त्या दिवशी उठले. आत बाळ रडायला लागलं, त्याच्या आंघोळीची वेळ झाली होती. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी चपला पायात घातल्या.