घासलेला नळ

लालबागच्या आमच्या चाळीच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या होत्या आणि त्याच भिंतीतून आलेला पाण्याचा पाइप आतून सडत चालला होता. विषमज्वरानं खालच्या मजल्यावरची दोन पोरं गेली. माझ्या धाकट्या बहिणीच्या काळजीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नोकरी कुठं, तर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. पण आमच्या चाळीचाच नळ तपासता येईना! राहत्या चाळीतला नमुना स्वतः घ्यायचा नाही, हा तिथला नियम. साहेबांच्या मागे हात धुऊन लागलो, तेव्हा कुठं ते दुसरा माणूस पाठवायला तयार झाले. काडीला निर्जंतुक कापूस गुंडाळून नळाच्या आतून फिरवायचा, तिथल्या बुळबुळीत थरात जंतू आहेत का पाहायचं. सापडले तर पाइप बदलणार होते.

माणूस नमुना घेऊन गेला त्या संध्याकाळी परळहून चालत घरी आलो, तर चाळीचा सार्वजनिक नळ लखलखतोय!

"तुझो सायब येतलो म्हणान आम्ही बायकांनी सकाळीच घासलो," आई कौतुकानं म्हणाली. "चिंच लावन, राख लावन. आतसून पण, बोट जाता थंयसर."

मी कपाळावर हात मारला. अहो, कापूससुद्धा बोट जातं तिथवरच जातो! मागे पाइपभर घाण तशीच. पाहुणा येणार म्हटल्यावर उंबरा धुवावा, तसा या बायकांनी नळ धुतला होता. राग तरी कुणावर काढू?

निकाल आला: नळ स्वच्छ. पुन्हा तपासा म्हणून साहेबांच्या हातापाया पडलो. "शहर पेटलंय आणि तुम्हाला तुमच्या नळाचं पडलंय?" म्हणाले.

पाणी उकळूनच दे, असं आईला दहादा बजावलं. पण सरकारी निकाल खोटा कसा असेल, असं तिचं म्हणणं. मी कामावर गेलो, की ती बहिणीला नळाचंच पाणी द्यायची. उकळलेलं पोरीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

बहिणीला ताप भरला. परळच्या हॉस्पिटलात नेली ती परत आलीच नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी आई रिकामी कळशी घेऊन नळासमोर बसून होती.

"घासूक नको होतो, ना रे?"

"तसं काही नाही गं आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुका खोटा बोलूक येणा नाय," म्हणाली.