उणे एक खोली

वृंदा लोटलीकरचा फायदा सरळ आहे. पाचच्या आत कोडमधला शेवटचा इशारा बंद पडला, की सहाची कुडाळची शेवटची बस, आणि उद्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा. सलाईनमधून औषध सोडणाऱ्या पंपाची ही ऑपरेटिंग सिस्टिम सोमवारी दवाखान्यांकडे निघणार. त्यात मेमरी वाटणारा भाग केळुसकर सरांचा. सर श्रावणात गेले, मागे कोड तपासणाऱ्या कंपायलरचे एकसष्ट इशारे ठेवून. साठ तिने निस्तरले. एकसष्टावा समजून घ्यायला दिवस गेला असता, म्हणून त्या ओळीत इशारा दाबणारा एक शब्द घुसवला. कंपायलर गप्प. एवढी चलाखी कोण करत नाही?

कोडची जुळणी, म्हणजे बिल्ड, चालू आहे, पोटात दहीभात आहे. ती कीबोर्डशेजारी डोकं टेकते. एसीची घरघर लांब लांब जाते.

"झोपलीस होय गं? साखरपुडा तुझा की बहिणीचा?"

केळुसकर सर काउंटरमागे बसलेत, हातात नेहमीचं हिरव्या शाईचं पेन. ऑफिसचं मंगल कार्यालय झालंय. भिंतीवर खोल्यांच्या किल्ल्या.

"सर, तुम्ही तर..."

"गेलो. ते राहू दे. खोली हवी ना? भरपूर आहेत." ते फळा दाखवतात. शिल्लक खोल्या: चारशे एकोणतीस कोटी.

"एवढ्याशा कार्यालयात?"

"खरी शिल्लक उणे एक. मेमरीची एक खोली दोघांना दिली गेलीय. पण त्या ओळीला उणे कळत नाही, ती त्याचे कोटी करते. इशारा तेच तर ओरडत होता. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

त्या खोलीची किल्ली फिरते. आत एक आजी, हाताला सलाईन. तिच्याच खाटेवर वऱ्हाडी गाद्या अंथरतायत. "खोली आम्हाला दिलीय!" म्हणत एक बाई पंपावरचा औषधाचा आकडा, पाच, पुसते आणि खडूने पन्नास लिहिते. आजीची बोटं चादर घट्ट धरतात, मग सोडतात.

"सर, ही चूक कुणाची?"

"माझी."

आजीपेक्षा या शब्दानं वृंदा जास्त हादरते. ऑफिसात चूक झाली की सरांचं नाव घेऊन कान पकडतात!

"एकच वजाबाकी दोनदा केली. दिसली तेव्हा मी खाटेला खिळलो होतो. कुणाला सांगायची लाज वाटली गं. म्हटलं, इशारा ओरडतोय, कुणीतरी थांबेल."

"मी नाही थांबले."

"हात दे इकडे."

तळव्यावर पेनाचं गार टोक टेकतं.

वृंदा दचकून उठते. पडद्यावर इशारे शून्य. उजव्या तळहातावर, हिरव्या शाईत, उणे एक.

ती घुसवलेला शब्द खोडते, इशारा परत येतो. मग ती घरी फोन लावते.

"ताई, बस चुकवलीस तर बघच तू!" बहीण ओरडते.

वजाबाकी साडेसातला सापडते. चूक सरांची, चुकलेली बस वृंदाची. त्या आजीला यातलं काही कळणार नाही. साबणाने घासूनही तळहातावरचं उणे एक जात नाही, आणि उद्या साखरपुड्याच्या फोटोत घरची माणसं मोजली तर तेवढीच कमी भरणार आहेत.