सुभेदारांची चिंधी आणि वैशालीची नवी नळी

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात रायफलची नळी माझ्यासारखी साफ करणारा दुसरा माणूस नाही. आता, रायफल माझी नाही, आणि जन्मात एक गोळी झाडली नाही, ही गोष्ट वेगळी!

मुर्री गावाच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून आमची शूटिंग रेंज आहे. रेंज म्हणजे मातीचा उंच ढिगारा, टिनाचं शेड आणि लाल झेंडा. राईस मिलमधून रिटायर झालो तेव्हापासून मी रोज तिथलं कुलूप उघडतो, झेंडा चढवतो आणि संध्याकाळी चिंध्या कापतो. नळीतली काजळी चिंधीवर येते, किस्से माझ्या डोक्यात जमतात. चिंधी फेकून देता येते. किस्से कुठं फेकू?

*

आमचे कोच पटले सुभेदार. फौजेतून आले, पण फौज काही त्यांच्यातून निघाली नाही. आणि त्यांची चेली वैशाली, गावातलीच पोरगी. मागच्या वर्षी राज्याच्या टीममध्ये जाता जाता थोडक्यात राहिली. तिच्या बापानं सांगून टाकलं, "या बारीले नाही झालं तं रायफल बंद. बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव." म्हणून तिच्या रायफलला नवी नळी बसवली, आणि डोळे सगळ्यांचे नागपूरच्या ट्रायलवर.

नवी नळी आत खरबरीत असते. म्हणून सुभेदारांचा हुकूम, "एक गोली, एक सफाई!" वैशालीनं एक गोळी मारायची. मग आम्ही गजाला चिंधी लावून मागून घालायची, पुढून काढायची. पुन्हा एक गोळी. पुन्हा चिंधी. चिंधी पांढरी निघेपर्यंत हेच.

मी म्हटलं, "साहेब, हे नळी आहे का नवा जावई? एक घास खाल्ला का तोंड पुसून द्या!"

सुभेदार म्हणाले, "जावई एवढा सीधा कुठी राहते!"

*

चिंधी कशाची पाहिजे? जुन्या, मऊ सुती कापडाची. नव्या कापडाचे धागे सुटतात. आता मुर्रीत सगळ्यात जुनं, सगळ्यात मऊ कापड कोणतं? माझं धोतर!

एक धोतर गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या वेळेस घरच्या बाईनं पकडलं. "काऊन जी, थे धोतर तुमच्यासाठी हाये का बंदुकीसाठी?"

मी म्हटलं, "देशासाठी हाये!"

ती म्हणाली, "मंग देशालेच मांगा जेवाले."

त्या रात्री खरंच वाढलं नाही. शेवटी मीच हंडीतून घेतलं.

*

पांढऱ्या चिंधीची आमच्या रेंजवर एक रीत आहे. नव्या नळीतून पहिली पांढरी चिंधी निघाली का ज्याची रायफल त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे द्यायचे. वैशालीच्या नळीची चिंधी पांढरी व्हायला आली, आणि मला वाटलं, एवढ्या सहज पोहे खाण्यात काय मजा?

दुसऱ्या दिवशी घरून चिंधीला थोडी हळद लावून नेली. सुभेदारांनी गज फिरवला, चिंधी निघाली पिवळीधमक! त्यांचा चेहराच उतरला. "पितळेचा ब्रश झिजून राहिला का आत? नळी गेली का काय?" चष्मा काढला, लावला, ब्रशची एकेक तार मोजायला बसले.

वैशालीनं चिंधी नाकाला लावली. माझ्याकडं पाहिलं. मग एकदम सरळ तोंडानं म्हणाली, "सर, नळीले हळद लागली. काकाजीले मुंडावळ्या बांधाले सांगा."

पोहे मलाच आणावे लागले. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, ही पोरगी साधी नाही.

*

रेंजवर अजून एक रायफल आहे. तिला आम्ही म्हातारी म्हणतो. कंपनी तीच, लाकूड तेच, फक्त नळी बाबा आदमच्या काळची. तिच्यातून नव्या पोरांनी किती गोळ्या मारल्या, हिशोब नाही. पुसली कोणीच नाही. "म्हातारी कधी पुसता?" असं वैशालीनं विचारलं का सुभेदारांची कंबर दुखायची आणि माझे गुडघे!

*

ट्रायल जवळ आली तसं भांडण पेटलं. वैशालीच्या ध्यानात आलं होतं का नळी चकाचक पुसली का पहिल्या दोन-चार गोळ्या इकडं-तिकडं जातात, मग बसतात. ती म्हणाली, "सर, ट्रायलच्या आधी पुसू नका जी. आता मस्त बसून राहिली हाये."

सुभेदार लाल झाले. "मैली रायफल घेऊन जाशील? फौजेत असती तं पाठीवर पोतं घेऊन ग्राउंडचे चक्कर मारले असते!"

मी म्हटलं, "ट्रायलमध्ये सरावाच्या गोळ्या देतात न? तिथं बसवून घेशील."

"काकाजी, पहिलीच गोळी बाहेर गेली का मन बी बाहेर जाते."

दोन म्हाताऱ्यांपुढं पोरीचं काय चालते? निघायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "बरं. पुसा."

स्वतः रायफल आणून दिली. लाकडावर सफाईचं सॉल्व्हेंट सांडू नये म्हणून सतरंजीत गुंडाळून, फक्त नळीची दोन्ही तोंडं उघडी ठेवून. किती काळजी! सुभेदार म्हणाले, "शिष्य असावा तं असा!"

पहिली चिंधी घातली. काळी कुट्ट! दुसरी घातली. काळी. ब्रश मारला, पुन्हा घातली. डांबर! सुभेदारांच्या कपाळावर घाम. "शालिकभाऊ, नवी नळी अशी कशी झाली? मीच खराब केली का?" या वेळेस हळद नव्हती, काहीच नव्हतं. पोरीची शेवटची संधी, आणि नळीतून कोळशाची खाण निघून राहिली! वैशाली बाजूला बसून म्हणे, "पुसा जी, पुसा. अजून निघून राहिलं."

अख्खं धोतर संपलं, अंधार पडायला आला, तेव्हा कुठं चिंधी पांढरी झाली. तिनं सतरंजीसकट रायफल आत नेली. रेल्वेत सुभेदार नागपूरपर्यंत ब्रशच्या तारा मोजत बसले.

ट्रायलला वैशाली नेम धरायला लाईनवर पोटावर आडवी झाली. सुभेदारांनी डोळे मिटले. मी त्यांच्या वतीनं पाहिलं. पहिलीच गोळी मधोमध! दुसरी तिच्या बाजूला. आणि संध्याकाळी यादीत नाव! सुभेदार एवढे रडले का मला त्यांना नाक पुसायला खिशातली उरलेली चिंधी द्यावी लागली. वैशालीनं बापाला फोन लावला. तिकडून तो म्हणाला, "क्लास राहू दे बाई मंग." माझ्या छातीवरचा दगडच उतरला.

परतताना स्टेशनवर चहा घेतला. मी छाती फुगवून म्हटलं, "पाहिलं? पोरगी कोणाच्या धोतरानं निवडून आली?"

वैशालीनं चहाचा घोट घेतला. "काकाजी, तुमचं धोतर म्हातारीत गेलं जी. माही रायफल तं पेटीतच होती!"