तांब्याचं झाकण

शशिकांत गुप्त्यांचं एकदा ठरलं की ठरलं, मग ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचे नाहीत. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत खाली त्यांची जुनी फियाट धूळ खात पडली होती आणि वर घरात त्यांच्या बायकोला, प्रमोदिनीबाईंना, एकेक माणूस आठवेनासा झाला होता. एके दिवशी त्यांनी खुद्द नवऱ्यालाच विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" गुप्ते जिन्यात जाऊन रडले. जुन्या वस्तू दाखवा, कधी कधी ओळख पटते, असं डॉक्टर म्हणाले. झालं! गाडी घरी आली त्या दिवशी होती तश्शी करायची, म्हणजे हिला गाडी आठवेल आणि गाडीबरोबर आपणही, असं गुप्त्यांनी मनाशी धरलं.

रंग झाला, सीटा झाल्या. अडलं ते इंजिनात तेल ओतायच्या तोंडावरच्या झाकणाशी. इंजिनातली वाफ तिथूनच बाहेर पडते, म्हणून अस्सल झाकणाच्या पोटात तारेची जाळी असते. यांच्या गाडीला मात्र पितळी झाकण होतं. फार वर्षांपूर्वी पुण्याला जाताना चंबळच्या अलीकडे मूळचं झाकण कुठेतरी उडालं आणि तेल उसळायला लागलं. तेव्हा बाईंनी आपल्या फिरकीच्या तांब्याचं झाकण काढून दिलं. "अहो, भोकं पाडा त्याला, इंजिनालाही श्वास लागतो ना," असंही वर सांगितलं. ते तारेने बांधलं ते कायमचंच. आल्यागेल्याला बॉनेट उघडून ते दाखवायची बाईंना कोण हौस!

गुप्त्यांनी काश्मिरी गेटची सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. दुकानदार ‘बिल्कुल ओरिजिनल’ म्हणून हातात ठेवायचे, हे उलटं करून बघायचे, तर आत जाळीचा पत्ता नाही. एकाला जाळी होती, पण कंपनीचा ठसा पत्र्यात उठलेला नव्हता, वरून नुसता रंगवलेला. शेवटी भंगाराच्या ढिगात खरं सापडलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पितळी झाकण त्यांनी क्षणभर हातात धरलं. पण ओरिजिनल गाडीत हा जुगाड कशाला, म्हणून कबाडीवाल्याच्या पोत्यात टाकलं. नको होतं हो टाकायला.

रविवारी नोएडाहून मुलगी आली, लतिका. ती आईला हाताला धरून खाली घेऊन आली. गाडी नवरीसारखी सजलेली. बाई काचेवरून हात फिरवत पुढे गेल्या आणि बॉनेटपाशी थांबल्या. गुप्त्यांनी ते घाईघाईने उघडलं.

बाईंचा हात नेमका त्या झाकणावर गेला, तिथे थोडा चाचपडला आणि मागे आला. चेहऱ्यावर आलेलं काहीतरी विझून गेलं.

"छान आहे हो तुमची गाडी," त्या अदबीने म्हणाल्या. "आमच्या गाडीला माझ्या तांब्याचं झाकण आहे. चल गं, आमचे हे घरी वाट बघत असतील."

लतिका बाबांकडे बघत राहिली. गुप्त्यांनी बॉनेट हळूच लावलं.

"बरं, या मग," ते म्हणाले.